केतकीचं डोकं का दुखत होतं

मंगळवार, १७ जून, सकाळ.
हजर: मेंदूविकाराच्या डॉक्टर, माझी पत्नी वैशाली, मुलगी केतकी आणि मी.
गैरहजर: माझी आई. ती विद्यानगरच्या घरी देवापुढे बसली होती.

मी पंपांच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. कुठलीही बैठक असली की आधी हजेरी लिहायची, मग विषय, मग कुठलं काम कुणाकडे, ही माझी पद्धत. त्या दिवशीही कागदाच्या कोपऱ्यात हजेरी लिहिली. पुढे 'विषय' असं लिहिलं आणि थांबलो. तो कागद तसाच राहिला. पुढचं आता लिहितो आहे. ज्या घरात वाढत्या वयाचं मूल रोज डोकं दुखतंय म्हणतं आणि कारण सापडत नाही, अशांसाठी. वैद्यकीय भाग मला नीट कळत नाही, त्यामुळे जे घडलं तेवढंच सांगतो.

आधीचा महिना

केतकी सोळा वर्षांची. दहावी झाली, इंटरला, म्हणजे इकडच्या अकरावीला, प्रवेश घेतला. मे महिन्याच्या मध्यावर तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठताना जास्त. आडवं पडलं की जास्त. शिंकली किंवा वाकून सँडलचा पट्टा लावला की कपाळ धरून बसायची. आज हे लिहिताना सगळं एका ओळीत दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं, कारण बाहेर उन्हाळा होता आणि हैदराबादच्या उन्हाळ्यात कुणाचं डोकं दुखत नाही?

आमचे नेहमीचे डॉक्टर आधी म्हणाले ऊन. मग पित्त. मग सायनस. शेजारी म्हणाले मोबाइल. आईने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मी एकेक कारण घेऊन निकालात काढत गेलो. खिडकीला जाड पडदा लावला, मोबाइल कपाटात ठेवला, ताक सुरू केलं, वाफारा दिला. केतकी म्हणायची, "बाबा, माझी सर्व्हिसिंग चाललीय का?"

दवाखान्यात तिला मीच न्यायचो. वैशाली बँकेत, तिला वेळ मिळत नाही. माझी पाळी सकाळची असते, दुपारनंतर मी मोकळा. डॉक्टर विचारायचे, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" मी सांगायचो, "काही नाही." ते विचारायचे, "मासिक पाळी वगैरे?" मी सांगायचो, "नॉर्मल." केतकी खिडकीबाहेर बघायची. वडील दुसरं काय सांगणार? आमच्या घरात ही गोष्ट पुरुषांच्या कानावर येते ती एवढीच, की आज अमकी स्वयंपाकघरात येणार नाही.

जूनमध्ये तिची पुस्तकं घ्यायला आम्ही हिमायतनगरला गेलो. स्कूटरवर मागून म्हणाली, "बाबा, त्या दागिन्यांच्या होर्डिंगवर जुळ्या बहिणी आहेत का?"

होर्डिंगवर एकच बाई होती.

"चष्म्याचा नंबर वाढला तुझा," मी म्हणालो.

"मग बरंच आहे. मला दोन दोन बाबा दिसायलेत. एकाला ऑफिसला पाठवा, एकाला माझ्याकडे ठेवा."

आम्ही दोघं हसलो. पुस्तकं घेतली. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ घेतली, चष्म्यासाठी.

त्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, खोली अंधारी केली आणि आत बघायला लागले. तोवर ते तिच्याशी कॉलेजबद्दल गप्पा मारत होते. बघता बघता गप्पा थांबल्या. दुसरा डोळा बघितला. परत पहिला बघितला. मग दिवा लावून म्हणाले, "आज चष्मा नको. डोळ्यामागची नस सुजलीय. डोक्यात दाब वाढलाय. स्कॅन आजच करा." मी विचारलं, "उद्या चालेल?" ते म्हणाले, "आज."

त्याच संध्याकाळी स्कॅन झालं. मशीनमधून बाहेर आल्यावर केतकी म्हणाली, "आत कुणीतरी ड्रिल मारत होतं, पण तालात."  मी रिपोर्ट फाइलला लावला आणि छिद्रं सरळ पडली का ते बघितलं. तेवढंच सुचत होतं.

बाहेर बसा

मेंदूविकाराच्या डॉक्टर बाई तेलुगू वळणाच्या हिंदीत बोलत. मी मराठीत लिहितो.

त्यांनी फिल्म उजेडावर धरली आणि पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली. मेंदूतलं रक्त परत नेणारी मोठी शीर. तिच्यात गुठळी होती. त्यामुळे रक्त तुंबलं, दाब वाढला, डोकं दुखलं, डोळ्यांच्या नसा सुजल्या.

वैशालीने विचारलं, "म्हणजे ट्यूमर नाही ना?"

"नाही."

"मग हे बरं की वाईट?"

"आता सापडलं हे बरं. आणखी उशीर झाला असता तर नजर गेली असती. कदाचित त्याहून जास्त काही." त्यांनी केतकीकडे बघितलं. "तुला ऐकायचं आहे ना हे? की बाहेर बसतेस?"

"ऐकायचंय," केतकी म्हणाली.

मला काहीच वाटलं नाही. हे मी खरं सांगतो आहे. लोक म्हणतात, पायाखालची जमीन सरकली. माझी जमीन जागेवर होती. टेबलावर एक कॅलेंडर होतं, त्याचं पान मागच्याच महिन्याचं होतं, आणि ते उलटावं असं मला वाटत होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "आता प्रश्न असा, की सोळा वर्षांच्या निरोगी मुलीला गुठळी का व्हावी? काही गोळ्या घेते?"

"नाही," मी म्हणालो. फाइल उघडली. मी तारखेप्रमाणे सगळं लावलं होतं, रंगीत पट्ट्यांसकट. "हे बघा, पहिल्या दिवसापासून..."

त्यांनी फाइलवर हात ठेवला. "फाइल फार छान आहे. मी वाचीन. तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी वडील आहे तिचा."

"म्हणूनच."

मी बाहेर जाऊन बाकावर बसलो. समोर लिफ्ट होती. तिच्यावर किती माणसं आणि किती वजन चालतं ते लिहिलं होतं. मी ते वाचलं. परत वाचलं.

थोड्या वेळाने वैशाली बाहेर आली आणि पाण्याच्या कूलरशी जाऊन उभी राहिली. ग्लास भरला, पण प्यायली नाही.

"अहो, ती गोळी," ती म्हणाली.

"कुठली गोळी?"

"पुढे ढकलायची."

"काय पुढे ढकलायचं?"

तिने माझ्याकडे बघितलं. आमच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली आहेत. तिच्या नजरेत राग नव्हता. एखाद्या परगावच्या माणसाला रस्ता समजावून सांगावा तशी ती बघत होती. "पाळी," ती म्हणाली.

पूजेचं सामान

मे महिन्यात माझ्या मोठ्या भावाच्या मुलाचं लग्न झालं. भाऊ इथेच हैदराबादला असतो. देवक, हळद, लग्न, त्यानंतर देवीचा गोंधळ आणि शेवटी सत्यनारायण. घरातल्या एखाद्या बाईची पाळी ऐन वेळी आली तर ती बाहेर बसणार. तसं होऊ नये म्हणून गोळी घ्यायची. आमच्या घरात हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. वैशालीनेही घेतली आहे, भावजयीनेही. मला ठाऊक नव्हतं. घरात मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

गोळ्या आईच्या ताब्यात असत. देवघराच्या खणात स्टीलच्या डब्यात कापूर, वाती, अष्टगंध आणि त्या गोळ्यांची पट्टी. लपवलेलं काहीच नव्हतं. सर्दीची गोळी असती तर ती औषधाच्या डब्यात गेली असती. ही पूजेचं सामान होती. म्हणून कुणी 'गोळ्या चालू आहेत का' विचारलं, तेव्हा केतकीला ती आठवली नाही; वैशालीलाही आठवली नसती.

देवकाआधी केतकीला गोळी सुरू केली. लग्न झालं. गोंधळी लातूरकडून यायचे होते, त्यांना जमेना म्हणून गोंधळ पुढे गेला. कार्यक्रम पुढे सरकला, तशी गोळीही पुढे सरकली. मग सत्यनारायण होता, म्हणून आणखी थोडी. त्यात ऐन मे महिना, धावपळ आणि गोंधळाचा उपास. पोरीच्या पोटात दिवसभर पाणी किती गेलं असेल कुणास ठाऊक.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की दोष एकट्या गोळीचा म्हणता येत नाही. कित्येक जणी घेतात, काही होत नाही. एखादीच्या रक्तातच गुठळी धरण्याची प्रवृत्ती असते, त्यात अंगातलं पाणी कमी झालं, त्यात ही गोळी. प्रवृत्तीच्या तपासण्या नंतर करू, म्हणाल्या. "पण ही गोळी तिने आयुष्यात परत घ्यायची नाही. आणि हे घरात सगळ्यांना सांगा. तिच्या चुलत बहिणी असतील तर त्यांना आधी."

भावाला दोन मुली आहेत.

केतकीला मी नंतर विचारलं, "आजीने जबरदस्ती केली होती का?"

"नाही हो बाबा. मीच मागितली." ती पलंगावर टेकून बसली होती. "मागच्या गोंधळाला मी गॅलरीत बसले होते. आत संबळ वाजत होतं, सगळे नाचायले, आणि मी तिकडे रील्स बघायले. किती बोअर. या वेळी मला परडी धरायची होती. धरली ना. मस्त नाचले मी. तुम्ही व्हिडिओ पण काढलाय."

काढला आहे. मोबाइलमध्ये आहे. मी तो अजून परत बघितलेला नाही.

वॉर्ड

दवाखान्याचा दिवस एका ठरावीक रेषेवर चालतो. मला ते मानवलं. सकाळी रक्त काढायचे. मग बॅटरीने डोळे बघायचे, नाव विचारायचे, वार विचारायचे. मग पोटावर इंजेक्शन, रक्त पातळ करण्याचं. संध्याकाळी परत. पोटावर निळे डाग पडले. केतकी म्हणाली, "भारताचा नकाशा होतोय. हे बघा, श्रीलंका पण."

शेजारच्या खाटेवर एका बीबींचे पती होते. बीबी जुन्या शहरातल्या, पान खाणाऱ्या, सगळ्या वॉर्डाची चौकशी करणाऱ्या. मी इंजेक्शनची वेळ टिपून घेत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "क्या जी भाईसाब, कायकू इत्ता लिख रैं? नर्सां लिखतैं ना! बच्ची कू देखो, कागज कू नक्को."

मी म्हणालो, "देख रहा हूँ, बीबी."

"कब देख रैं? पेन से?"

केतकी हसली आणि लगेच कपाळ धरलं, कारण हसलं तरी दुखत होतं. मी पेन खिशात ठेवलं. थोडा वेळ तिच्याकडे नुसता बघत बसलो. ते मला जमत नव्हतं. पेन परत काढलं.

वैशाली आणि मी वेळा वाटून घेतल्या होत्या. एक आला की दुसरा निघायचा. बोलणं व्हायचं ते जिन्याजवळ, पिशव्यांची अदलाबदल करताना. तिथेच एकदा मी म्हणालो, "तुला माहीत होतं."

"तुम्ही कधी विचारलं होतं?"

"घरात काय चाललंय ते विचारायचं असतं का?"

"मग कसं कळतं?" ती म्हणाली. "डब्यात भेंडी आहे. तिला गरम करून द्या."

एवढंच आमचं भांडण. ते संपलं असं मी म्हणणार नाही. पुढचे सगळे दिवस आम्ही भेंडी, टॉवेल, चार्जर यांबद्दल बोललो. दोघांपैकी कुणी रडलं नाही. रडायला दोघांना एकाच वेळी एका जागी थांबावं लागलं असतं.

दवाखान्यातच केतकीची पाळी आली. रक्त पातळ करण्याच्या औषधामुळे जास्त आली, नर्सने तसं आधी सांगितलं होतं. वैशाली बँकेत होती. केतकीने मला सांगितलं नसतं, पण नर्सने सरळ माझ्याकडेच पॅड मागितले. मी खालच्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार पुडा वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला. मी म्हणालो, राहू द्या. पुडा तसाच हातात घेऊन लिफ्टने वर आलो. कुणीही बघितलं नाही. सगळ्यांना आपापली चिंता होती.

केतकी म्हणाली, "तुम्ही आणले? न गुंडाळता?"

"का? मोठ्या साइजचे नव्हते त्यांच्याकडे. उद्या बघतो."

 दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, "बाबा, संपत आलेत." माझ्या यादीत ते तिने स्वतः घातलं.

एका सकाळी ती उठली आणि म्हणाली, "पुणुगुलू पाहिजेत. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचे. चटणी जास्त." विद्यानगरच्या गाडीवरची ती तळलेली इडलीच्या पिठाची भजी तिला लहानपणापासून आवडतात. मी विचारलं, "डोकं?" ती जरा थांबली, जणू डोकं कुठे ठेवलंय ते शोधत होती. मग म्हणाली, "अरे, नाहीये."

बीबींनी दोन्ही हात वर केले आणि अल्लाचे आभार मानले. मी गाडीवरून आणलेल्या पुड्यातले चार पुणुगुलूही खाल्ले.

घरी

आता घरी आहोत. गुठळी विरघळते आहे. उजव्या डोळ्याच्या कडेला थोडं अंधूक दिसतं, ते किती भरून येईल ते डॉक्टर सांगत नाहीत. कॉलेज सुरू झालं, पण उशिरा. रक्त पातळ करण्याची गोळी बरेच महिने चालेल. ठरावीक दिवसांनी रक्त तपासतो. पालक, गोंगुरा म्हणजे अंबाडी, अशा पालेभाज्या रोज साधारण सारख्या मापाने द्यायच्या, एकदम जास्त नाही आणि एकदम बंदही नाही, असं सांगितलं आहे. मापाचं काम मला जमतं. वाटी ठरवून दिली आहे.

गोळी मात्र आई देते. तिने ते काम मागून घेतलं. रोज ठरल्या वेळेला देवघरातून उठते, पट्टीतली गोळी काढते, केतकीच्या तळहातावर ठेवते आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहते. "गिळली का? तोंड उघड. शाबास माझी माय." एकही वेळ चुकलेली नाही.

आईला आम्ही सांगितलं आहे, की डोक्यातली शीर आखडली होती.

तुमच्या घरात असं मूल असेल तर माझ्याकडून एवढंच. सकाळी वाढणारं, आडवं पडल्यावर वाढणारं डोकं दुखणं ऊन म्हणून सोडू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना नसा बघायला सांगा. डॉक्टरांनी गोळ्या विचारल्या की घरातला प्रत्येक खण उघडा, देवघराचासुद्धा. आणि मुलगी असेल तर डॉक्टरांशी तिला एकटीला बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा. लिफ्टवरची पाटी वाचा.

राहिलेलं

दवाखान्यातून आलो तेव्हा कामांची यादी केली होती. बहुतेक झाली. देवघरातला डबा वैशालीने रिकामा केला, पट्टी टाकली. आईच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर ती तेव्हा बोलली नाही. भावाच्या मुलींना केतकीने फोनवर सांगितलं, पण आजीला सांगू नका असंही सांगितलं. त्यानंतर माझ्यापुढे उभी राहिली.

"आजीला तुम्ही सांगणार का मी सांगू?"

"मी सांगतो."

"कधी?"

मी म्हणालो, बघू.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. आईने नवस बोलला आहे. केतकी बरी झाली की या वर्षी महालक्ष्म्या तिच्याच हाताने मांडायच्या. तिने मला सामान सांगायला सुरुवात केली. बेगम बाजारातून खारीक, खोबरं, सुपाऱ्या, हळकुंडं, नवे मुखवटे ठेवायला लाल कापड. ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. मग म्हणाली, "कॅलेंडर काढ रे दिगू खाली. चष्मा सापडंना गेलाय. कधीच्या हायत बघ बरं."

मी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि दिवस वाचून दाखवला.

ती बोटांवर काही मोजायला लागली. ओठ हलत होते. मग माझ्याकडे न बघता, देवाच्या ताम्हणाला हात लावत म्हणाली, "आन् वैशालीला म्हणावं, ते मेडिकलातलं आणून ठेव. डब्यात काई दिसंना गेलंय."

"काय?"

"तिला कळतंय. तू नको पडू त्यात. लेकराची अडचण नको ऐन दिवशी. एवढ्या दुखण्यातून उठलंय माझं लेकरू."

मी म्हणालो, "आई."

"काय?"

तेवढ्यात केतकीच्या गोळीची वेळ झाली. आई गुडघ्यावर हात देऊन उठली, पाण्याचा तांब्या घेतला आणि तिला हाक मारत आतल्या खोलीत गेली.

शनिवारी बेगम बाजारात जाऊन आलो. खारीक, खोबरं, सुपाऱ्या, हळकुंडं, कापड, सगळं आणलं. एकेका नावासमोर खूण केली. महालक्ष्म्यांना अजून अवकाश आहे. आईला सांगायचं राहिलं आहे.